नस किती उरली आहे?

कार्पल टनेल सिंड्रोम वाढत जातो तसा एका टप्प्यावर त्याचा त्रास कमी होतो, आणि हीच या आजाराची सर्वांत धोक्याची खूण आहे. आधीची काही वर्षे रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असते. हात झटकावा, पलंगाबाहेर लोंबता सोडावा, उठून दोन फेऱ्या माराव्यात, तेव्हा कुठे पुन्हा डोळा लागतो. मग हे जागरण हळूहळू थांबते. मुंग्या जातात, बोटांत कायमचा बधिरपणा राहतो आणि माणसाला त्याची सवय होते. मधल्या काळात चालू असलेल्या तेलाला, गोळ्यांना किंवा पट्ट्याला बरे केल्याचे श्रेय मिळते. प्रत्यक्षात मेंदूकडे तक्रार पोचवणारे तंतूच नष्ट होत आलेले असतात.

अशा माणसाला नर्व्ह कंडक्शन तपासणीची, म्हणजे दवाखान्यात ‘एनसीव्ही करून या’ असे सांगितले जाते त्या तपासणीची, गरज आहे का, यावर वैद्यकात खरा मतभेद आहे. काही डॉक्टर अहवालाशिवाय शस्त्रक्रियेचा विचारही करत नाहीत. काही म्हणतात, हात पाहिला की कळते, मग विजेचे झटके कशाला? मला दोन्ही बाजूंचा प्रश्नच अपुरा वाटतो. आजार आहे की नाही एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर गंभीर अवस्थेत ही तपासणी जवळजवळ अनावश्यक आहे, कारण उत्तर हातावर उघड दिसत असते. पण नस किती उरली आहे, ती कुठे अडली आहे आणि तिच्यातले किती परत मिळू शकते, हे सांगणारे तिच्या तोडीचे साधन नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा ती पहिल्या प्रश्नासाठी केली जाते. दुसऱ्याचे उत्तर त्याच कागदावर छापलेले असते आणि रुग्णाला ते कोणी वाचून दाखवत नाही.

हात काय सांगतो ते आधी पाहू. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला लहान हाडांची खोलगट कमान असते आणि तिच्यावर एक जाड आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. या दोहोंमधल्या अरुंद बोगद्यातून बोटे मिटवणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्या सोबतीने मीडियन ही एकच नस जाते. जागा वाढू शकत नाही. स्नायुबंधांची आवरणे सुजली, गरोदरपणात किंवा थायरॉइडच्या कमतरतेत अंगात पाणी धरले, संधिवाताने अस्तर जाड झाले, की दाब येतो तो त्या नसेवर. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची जाणीव तिच्याकडे आहे. करंगळी दुसऱ्या, अल्नर नावाच्या नसेकडे आहे आणि ती नस या बोगद्यातून जातच नाही. तळहाताच्या अंगठ्याकडच्या भागाला जाणारी मीडियनची शाखाही बोगद्याच्या अलीकडेच फुटते. म्हणून बोटे बधिर, पण तळहात आणि करंगळी शाबूत, असे चित्र दिसते. ‘नेमकी कोणती बोटे?’ हा एक प्रश्न नीट विचारला तरी निदानाचा अर्धा रस्ता कापला जातो.

गंभीर अवस्थेत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बसतो. दोन्ही तळहात शेजारी धरले की फरक नजरेत भरतो. हात उताणा टेबलावर ठेवून अंगठा सरळ छताकडे उचलायला सांगितला, तर तो बोटाच्या हलक्या दाबानेही खाली पडतो. शर्टाचे बटण, साडीची पिन, सुईचे नेढे, पर्समधले नाणे, हे सारे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जमेनासे होते. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसतो आणि तो फोड आल्यावर कळतो. या अवस्थेतल्या माणसाला आजार आहे का हे विचारायला विजेचा झटका देण्याची खरोखर गरज नाही.

मग तपासणी हवीच कशाला? याचे पहिले उत्तर इतिहासात आहे.

१८५४ मध्ये लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी मनगटाचे हाड मोडल्यानंतर ही नस दबल्याचे नोंदवले. १८८० मध्ये बोस्टनच्या जेम्स जॅक्सन पटनम यांनी रात्री हात बधिर होणाऱ्या ३७ रुग्णांचे वर्णन केले. १९१३ मध्ये प्येर मारी आणि शार्ल फ्वा या फ्रेंच डॉक्टरांनी, अंगठ्याचे स्नायू झिजलेल्या एका वृद्धाच्या शवविच्छेदनात, अस्थिबंधाच्या अलीकडे फुगलेली आणि त्याच्याखाली आवळलेली नस पाहिली. हा अस्थिबंध वेळीच कापला तर स्नायू वाचू शकतील, असेही त्यांनी सुचवले. सगळे पुरावे समोर होते. तरी पुढची तीसेक वर्षे अशा रुग्णांचा दोष मानेत शोधला गेला. मानेजवळची जादा बरगडी किंवा पहिली बरगडी नसांना दाबते, अशी समजूत होती आणि त्यापायी बरगड्या काढण्याच्या शस्त्रक्रिया होत. मनगटात अडलेल्या नसेसाठी माणसांच्या मानेवर सुरी चालत होती. १९४७ मध्ये रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सहा रुग्ण मांडून दाबाची जागा मनगटात असल्याचे सांगितले. त्यानंतरच्या दशकात क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलन यांनी हा आजार अस्थिशल्यविशारदांच्या परिचयाचा केला.

यात विजेच्या तपासणीने काय भर घातली? नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजता येईल यावर एकेकाळी कोणाचा विश्वास नव्हता. हर्मन हेल्महोल्ट्झ यांचे गुरू योहानेस म्युलर यांनाही ते अशक्य वाटत होते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर तो वेग मोजला आणि तो सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. माणसाच्या कातडीवरून हेच मोजण्याची तंत्रे शंभर वर्षांनी, १९४८-४९च्या सुमारास हाती आली. १९५६ मध्ये जॉन सिम्पसन यांनी दाखवून दिले की या रुग्णांमध्ये संदेश मनगटापाशी रेंगाळतो. दोन वर्षांनी गिलियट आणि सीअर्स यांनी बोटांतल्या जाणिवेच्या तंतूंचे संदेश नोंदवून ही तपासणी अधिक नेमकी केली. तेव्हापासून दोष मानेत की मनगटात हा वाद मतांचा राहिला नाही. तो मिलिसेकंदांत सोडवता येऊ लागला.

हा इतिहास मी विस्ताराने सांगितला, कारण ती चूक आपल्याकडे अजून संपलेली नाही. बोटांत मुंग्या येतात म्हणणाऱ्या पन्नाशीच्या बाईला आजही आधी मानेचा एक्स-रे काढायला सांगितले जाते. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या मणक्यांत झीज दिसतेच. मग ‘स्पॉन्डिलोसिस आहे’ असे ठरते, गळ्यात पट्टा येतो, ट्रॅक्शन होते, बी-१२ची इंजेक्शने होतात. यात वर्ष जाते, कधी दोन वर्षे जातात, आणि मनगटातला दाब तसाच राहतो. या बाईचे मनगट कोणी वाकवून पाहिलेले नसते, अंगठ्याचा उंचवटा चाचपलेला नसतो. येथे एनसीव्ही आणि तिच्या जोडीने स्नायूत बारीक सुई घालून केली जाणारी ईएमजी फार मोठे काम करतात. मानेतली सहावी-सातवी नस दबली असेल, तर खांद्या-दंडापासून कोपराखालच्या हातापर्यंतच्या इतर स्नायूंतही खुणा सापडतात आणि बोटातल्या जाणिवेचा संदेश बहुधा चांगला राहतो. मनगटात अडले असेल, तर नेमका मनगटापलीकडचा भाग बिघडतो. दोन्ही ठिकाणी दोष असणेही शक्य आहे. त्या वेळी कोणत्या जागेचा वाटा किती, हे ठरवायला दुसरा कोणता मार्ग आहे?

आता त्या अहवालाच्या कागदाकडे वळू. नसेतल्या प्रत्येक मोठ्या तंतूभोवती मायलिनचे वेष्टन असते. विजेच्या तारेवरचे आवरण सोलले जाणे वेगळे आणि आतली तारच तुटणे वेगळे, तसे नसेचे दोन प्रकारचे नुकसान होते. दाबाने आधी वेष्टन खराब होते. संदेश पोचतो, पण उशिरा. दाब टिकून राहिला की आतला तंतू मरतो. मग जे तंतू उरले आहेत तेवढेच संदेश नेतात आणि पडद्यावर उमटणाऱ्या लहरीची उंची कमी होते. उशीर आणि उंची हे दोन वेगळे आकडे आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत. उशीर सांगतो की दाब आहे. उंची सांगते की किती शिल्लक आहे. वेष्टन पुन्हा बनते, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बनते. मेलेल्या तंतूला मात्र मनगटापासून पुन्हा वाढत जावे लागते.

तरी बहुतेक अहवालांच्या शेवटच्या ओळीत उशिराचाच उल्लेख ठळक असतो. मनगटावर झटका दिल्यापासून अंगठ्याचा स्नायू हलेपर्यंत निरोगी हातात साधारण तीन ते चार मिलिसेकंद लागतात. ब्रिटनमधल्या कँटरबरीच्या जेरेमी ब्लँड यांनी २००० मध्ये मांडलेल्या श्रेणीत हा वेळ साडेचार मिलिसेकंदांच्या पुढे गेला आणि बोटातल्या जाणिवेचा संदेश मिळालाच नाही, की आजार गंभीर धरला जातो. वेळ साडेसहाच्या पुढे गेला तर अतिगंभीर. अंगठ्याच्या स्नायूची लहर ०.२ मिलिव्होल्टच्याही खाली गेली, की शेवटची, सहावी पायरी. निरोगी हातात ही लहर चार-पाच मिलिव्होल्ट किंवा त्याहून मोठी असते. इटलीच्या लुका पादुआ यांची १९९७ची श्रेणीही अशाच तत्त्वावर आहे. श्रेणी उपयुक्त आहेत, त्यामुळे दोन दवाखाने एकमेकांशी एका भाषेत बोलू शकतात. पण रुग्णाला ‘सिव्हिअर’ हा एक शब्द हातात देऊन पाठवणे म्हणजे त्याला काहीच न सांगणे. तीन मिलिव्होल्ट उरलेला गंभीर हात आणि अर्धा मिलिव्होल्ट उरलेला गंभीर हात यांचे भवितव्य एकसारखे नाही.

सर्वांत जास्त घात होतो तो ‘प्रतिसाद मिळाला नाही’ या वाक्याने. हे वाक्य वाचून रुग्ण समजतो की नस मेली. कधी डॉक्टरही म्हणतात, आता ऑपरेशन करून उपयोग नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि ती हाताचे कायमचे नुकसान करणारी आहे म्हणून तिला ठामपणे विरोध करायला हवा. बोटातल्या जाणिवेची लहर मुळात इतकी लहान असते, काही मायक्रोव्होल्टची, की उरलेले तंतू आपापल्या वेगाने मागे-पुढे पोचले तर ती विखरून यंत्राच्या आवाजात हरवते. तंतू जिवंत असतात, यंत्राला ते एकत्र ऐकू येत नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दाबाच्या जागी संदेश नुसता अडलेला असू शकतो आणि त्यापुढचा तंतू अजून शाबूत असू शकतो. मनगटाच्या वर झटका दिला तर काहीच दिसत नाही. तोच झटका अस्थिबंधाच्या पलीकडे, तळहातात दिला, आणि लहर उमटली किंवा मोठी झाली, तर त्याचा अर्थ असा की त्या अडथळ्यापलीकडचे तंतू जिवंत आहेत आणि दाब काढला की ते पुन्हा काम करू शकतात. तळहातात झटका देऊन पाहायला काही मिनिटे जास्त लागतात. ती दिली जात नाहीत.

आणखी एक युक्ती आहे, गंभीर रुग्णांसाठीच जणू शोधलेली. तळहातात मधल्या बोटाच्या बुडाशी दुसरा लंब्रिकल नावाचा छोटा स्नायू असतो. तोही मीडियन नसेकडेच आहे, पण अंगठ्याचा स्नायू पार झिजला तरी हा बऱ्याचदा तग धरून असतो. त्याच जागी, त्याच्याखाली, अल्नर नसेकडचा एक स्नायू आहे. एकाच जागी इलेक्ट्रोड ठेवून, सारख्या अंतरावरून दोन्ही नसांना झटका द्यायचा आणि दोहोंना लागलेला वेळ शेजारी ठेवायचा. मीडियनचा वेळ अर्ध्या मिलिसेकंदाहून जास्त मागे पडला तर दोष मनगटात. प्रेस्टन आणि लोगिजियन यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. ती साध्या यंत्रावर होते, वेगळे साहित्य लागत नाही. शिवाय सुई घालून रुग्णाला अंगठा उचलायचा प्रयत्न करायला सांगितले आणि दोन-चार स्नायुएककांचा तुटक आवाज आला, तरी तो आवाज सांगतो की मेंदूपासून स्नायूपर्यंतचा धागा तुटलेला नाही. ज्या अहवालात ‘प्रतिसाद नाही’ लिहिले आहे आणि यांपैकी काहीही करून पाहिलेले नाही, तो अहवाल अपुरा आहे असे मी म्हणेन.

याच ठिकाणी या तपासणीची एक मर्यादा उघडी पडते, आणि तिच्यातून माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दोष मनगटात आहे हे तपासणी सिद्ध करते ते मनगटापाशी संदेश मंदावलेला दाखवून. संदेशच मिळाला नाही, तर तो कुठे हरवला हे सांगता येत नाही. मनगटात, कोपरापाशी की आणखी वर, काहीही असू शकते. म्हणजे आजार जितका वाढलेला, तितकी जागा दाखवण्याची तपासणीची ताकद कमी. मग सोनोग्राफीचा आधार घ्यावा लागतो. तिच्यात मनगटाशी फुगलेली नस दिसते, गाठ किंवा जादा रक्तवाहिनी असेल तर तीही दिसते. पण मुळात वेळेत, लहर अजून उमटत असताना, तपासणी झाली असती तर जागेचा प्रश्न तेव्हाच सुटला असता आणि किती शिल्लक आहे याची नोंदही राहिली असती. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी हात तितकाच बधिर राहिला, तर आधीचा आकडा हाताशी असणे आणि नसणे यात फार फरक पडतो. अस्थिबंध अर्धवट कापला गेला होता, की नस आधीच एवढी झिजली होती? आधीच्या अहवालाशिवाय हा वाद सुटत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके नाही, ते नीट मांडायला हवे. टोरंटोच्या ब्रेंट ग्रॅहम यांनी २००८ मध्ये दाखवले की लक्षणे आणि हाताची तपासणी यांच्या आधारे बनवलेल्या सहा मुद्द्यांच्या मोजपट्टीवर निदान स्पष्ट असेल, तर बहुतेक रुग्णांत विजेच्या तपासणीने त्यात फारशी भर पडत नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शनात हीच मोजपट्टी नेहमीच्या एनसीव्ही किंवा सोनोग्राफीऐवजी चालेल असे म्हटले. उलट बाजूने, तपासणी बिघडलेली दिसली म्हणजे आजार आहे असेही नाही. स्वीडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अत्रोशी यांच्या अभ्यासात हाताची कोणतीही तक्रार नसलेल्या १२५ जणांपैकी २३ जणांची मीडियन नस यंत्रावर मंद निघाली. त्यांना काही होत नव्हते. म्हणून कोणी शिबिर भरवून सरसकट सगळ्यांचे एनसीव्ही काढू लागले, तर त्याला विरोधच करावा. आणि यंत्र फक्त मोठे, वेष्टन असलेले तंतू मोजते, दुखणे आणि उष्ण-थंड नेणारे बारीक तंतू त्याच्या नजरेबाहेर राहतात. त्यामुळे रात्ररात्र जागणाऱ्या एखाद्या रुग्णाचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि त्याला ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून घ्यावे लागते. हा अन्याय आहे.

हे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की टोरंटोचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या बाह्यरुग्ण विभागात आणता येणार नाही. ती मोजपट्टी डॉक्टरने हात हातात घेऊन, बोटांची जाणीव आणि स्नायूंची ताकद तपासून भरायची आहे. जिथे एका सकाळी शंभर रुग्ण पाहायचे असतात, तिथे हेच आधी वगळले जाते. शिवाय आपल्याकडे बधिर हाताची कारणे जास्त आहेत. मधुमेह असलेल्या माणसाच्या सगळ्याच नसा थोड्या मंदावलेल्या असतात आणि त्याच वेळी मनगटातही दाब असू शकतो. मीडियनची अल्नरशी आणि पायाच्या नसेशी तुलना केल्याशिवाय दोन्ही वेगळे करता येत नाहीत. ‘शुगरमुळे आहे’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी हातांत कापण्याजोगा अस्थिबंध असतो.

आणि कुष्ठरोग. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे आणि शिवाजीराव पटवर्धन यांच्या अमरावतीच्या तपोवनामुळे मराठी माणसाला हा आजार इतिहासाचा भाग वाटतो, पण गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या भागांत नवे रुग्ण आजही सापडतात. कुष्ठरोगात कोपराजवळची अल्नर नस सर्वांत जास्त बाधित होते, मीडियनला मनगटाच्या थोडे वर इजा होते, आणि अंगठ्याचा उंचवटा बसतो तो इथेही. करंगळीही बधिर असेल, कोपराशी नस जाड लागत असेल, अंगावर न खाजणारा बधिर चट्टा असेल, तर अस्थिबंध कापून भागणार नाही, बहुविध औषधोपचार आणि कधी स्टेरॉइड लागतील. अनेक नसा तपासणारी नीट एनसीव्ही येथे आजाराचा विखुरलेला नकाशा दाखवते. केवळ एका मनगटावर दोन झटके देऊन केलेली तपासणी तो दाखवू शकत नाही.

तपासणीच्या दर्जाबद्दल थोडक्यात. थंड हातात संदेश आपोआप मंदावतो. वातानुकूलित खोलीत हात गार पडला आणि तो ३२ अंशांपर्यंत गरम करून घेतला नाही, तर निरोगी माणूसही रुग्ण ठरू शकतो. अहवालात हाताचे तापमान लिहिलेले असावे. दोन्ही हात तपासलेले असावेत, कारण हा आजार बहुधा दोन्हीकडे असतो. काही लोकांच्या हातात मीडियनचे काही तंतू कोपराखाली अल्नरमध्ये शिरतात. मार्टिन आणि ग्रुबर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी जाणकाराला ओळखता आली नाही, तर आकडे अशक्य वाटतील इतके विचित्र येतात. यंत्र आज जिल्ह्याच्या गावीही मिळते. ते चालवणारा आणि लहरी वाचणारा प्रशिक्षित माणूस मिळणे कठीण आहे, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी या माणसांवर खर्च केला पाहिजे.

आता वेळेबद्दल, कारण शेवटी सगळे तिथेच येऊन ठेपते. मेलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंतचे अंतर त्याला काही महिन्यांत गाठता येते, बोटांच्या टोकापर्यंत अर्धे वर्ष किंवा त्याहून जास्त लागते. तोवर स्नायू वाट पाहू शकला पाहिजे. नस तुटलेला स्नायू दीड-दोन वर्षांनी चरबी आणि तंतुमय ऊतीत बदलतो आणि मग नवा तंतू पोचला तरी त्याला हलवायला काही उरत नाही. म्हणून गंभीर अवस्थेत शस्त्रक्रिया केल्यावर रात्रीचा त्रास लवकर जातो, जाणीव महिन्यांनी परतते, कधी अर्धवट परतते, आणि झिजलेला उंचवटा पूर्वीसारखा भरेलच असे नाही. ब्लँड यांनी २००१ मध्ये आपल्या श्रेणी आणि शस्त्रक्रियेचे निकाल एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा मधल्या टप्प्यातल्या रुग्णांना सर्वांत जास्त गुण आला होता, दोन्ही टोकांच्या रुग्णांना कमी. हे रुग्णाला आधी सांगायला हवे. फुगवलेली आशा दाखवू नये आणि ‘आता काही होणार नाही’ असेही म्हणू नये. शेवटच्या पायरीवरच्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेने उपयोग होतो. कसला होईल आणि कसला कदाचित होणार नाही, हे त्या लहरींच्या उंचीवरून बऱ्याच अंशी सांगता येते, आणि माझ्या मते तपासणीचा खरा हक्कदार डॉक्टर नसून रुग्ण आहे, तो याच कारणासाठी.

विशेषतः ज्याचे पोट हातावर आहे तो रुग्ण. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोमचा समावेश केला आहे. जोर लावून तेच ते काम, कंपन, मनगटाची टोकाची वळणे, ही कारणे तिथे नोंदली आहेत. शिवणकाम, कोयत्याने ऊसतोड, यंत्रमागावरची कामे, ड्रिल मशीन धरणारी बांधकामे, हाताने धारा काढणे, या सगळ्यांत पकड आणि जोर आहे. या कामांतली माणसे दुखणे अंगावर काढतात आणि दुखणे थांबले की आनंदाने कामावर जातात. त्यांच्यापर्यंत एवढे तरी पोचले पाहिजे की मुंग्या जाऊन बधिरपणा उरला असेल, तर आजार बरा झालेला नाही. मनगटाचा पट्टा किंवा मनगटातले स्टेरॉइडचे इंजेक्शन सुरुवातीच्या काळात उपयोगी पडते. उंचवटा बसू लागल्यावर त्याने फक्त दिवस जातात.

म्हणून वाचकांना सांगणे आहे. स्वतःचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळहात शेजारी धरून पाहा. करंगळी सोडून बाकी बोटे कायम बधिर असतील, अंगठ्याच्या बुडाशी खळगा पडत असेल, तर मानेच्या एक्स-रेवर समाधान मानू नका, एनसीव्ही लवकर करून घ्या आणि अहवाल घेताना तीन गोष्टी विचारा: लहरीची उंची किती आहे, हात गरम करून तपासला का, आणि प्रतिसाद मिळाला नसेल तर तळहातात व लंब्रिकलवर पाहिले का. मात्र तपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळत असेल, तर तिच्यासाठी थांबू नका, हाताच्या शल्यविशारदाला आधी दाखवा. स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत होणारी ही शस्त्रक्रिया आहे, आणि जिथे करंगळी शाबूत आहे व उंचवटा बसला आहे तिथे ती अहवालाशिवायही योग्य ठरते.